थांब नावाच्या कुत्र्याचा गंज

मित्रांनो, नाक मुरडण्याआधी जरा जवळ या. माझं बूड काळं आहे, काठाला पोचे आहेत आणि सपाट जमिनीवर ठेवलं तरी मी थोडा डुलतो, हे मला ठाऊक आहे. मी जर्मनचा एक जुना गंज आहे. तुम्ही लांबच्या शहरातले असाल तर मला पातेलं म्हणाल आणि जर्मनला ॲल्युमिनियम म्हणाल. आमच्या गोंदिया जिल्ह्यात मी गंजच. मला तोंड आहे, चांगलं ऐसपैस आहे, पण आत जीभ नाही. त्यामुळे एक गोष्ट सगळ्यांच्या आधी मला कळली आणि ती मला कोणाला सांगता आली नाही. सांगता आली असती तर एका जिवाचे हाल थोडे कमी झाले असते. ती गोष्ट आज सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची गोल चकती फिरत्या साच्यावर दाबून दाबून मला घडवलं. त्या बारीक गोल रेघा अजून माझ्या पोटावर दिसतील, फक्त राख लावून घासायला हवं. तिथून मी देवरीच्या बाजारात आलो. एका बापाने मुलीच्या लग्नासाठी भांडी घेतली, त्यात माझा नंबर लागला. मुलीचं नाव प्रेमिला. तिच्याबरोबर मी गोंदिया शहरात आलो, रेल्वेलाइनच्या पलीकडच्या एका दोन खोल्यांच्या घरात.

त्या घरात मी वर्षानुवर्षं भात शिजवला. आमच्याकडे भात म्हणजे जेवण, बाकी सगळं त्याच्या सोबतीला. प्रेमिलाची सासू कोणाचं कौतुक करणाऱ्यातली नव्हती, पण पाहुण्यांसमोर म्हणायची की या गंजातला भात कसा मोकळा होतो बघा. त्या दिवशी मी चुलीवर जरा जास्तच चढून बसायचो. मग एक दिवस कुकर आला. शिट्ट्या मारतच घरात शिरला आणि माझी जागा घेऊन बसला. माझी रवानगी माळ्यावर झाली. माझ्या पोटात तुटके हुक, जुने धागे आणि एक गेलेला बल्ब ठेवला गेला. वर धूळ बसत राहिली. खाली सासू गेली, मग प्रेमिलाचा नवरा गेला. माणसं कमी झाली तसा कुकरही लहान आला, पण मला कोणी खाली काढलं नाही.

मला खाली काढलं ते एका कुत्रीमुळे. कैलाश नावाचा एक तरुण रस्त्यावरची जखमी कुत्री उचलून आणायचा. त्याच्याकडे जागा नव्हती. त्याने प्रेमिलाला विचारलं की हिला घर मिळेपर्यंत तुमच्याकडे ठेवाल का. प्रेमिला हो म्हणाली. स्वयंपाकाच्या भांड्यात कुत्र्याला कसं वाढायचं, म्हणून तिला माझी आठवण झाली. खरं सांगतो, मला फार राग आला. ज्याच्या भाताची तारीफ व्हायची त्याच्यात आता कुत्रं जेवणार! पण त्या कुत्रीने शेवटचं शीत संपल्यावरही मला इतकं चाटलं, की इतक्या मायेने मला आजवर कोणी घासलं नव्हतं. माझा राग त्याच दिवशी उतरला.

पुढे कितीतरी कुत्री आली आणि गेली. पायाने अधू, एका डोळ्याची, गाडीला धडकलेली. बरी झाली की कोणीतरी येऊन घेऊन जायचं. ते घर म्हणजे घर मिळेपर्यंतचं घर होतं. प्रत्येक वेळी प्रेमिला दारात हसून निरोप द्यायची आणि आत येऊन मला उगाच पुन्हा पुन्हा घासत बसायची.

मग तो आला. कोणीतरी पोत्यात बांधून राइस मिलच्या मागे टाकलेला. कैलाशने पोतं सोडलं तर आत एवढासा बदामी गोळा, एक कान उभा, एक पडलेला. तो कधी मोठा झालाच नाही, मांजरापेक्षा थोडा मोठा एवढाच राहिला. पण त्याच्या अंगात काय शिरलं होतं कोणास ठाऊक. मोरीतून ओट्याकडे, ओट्याकडून दाराकडे, दारातून पुन्हा मोरीत. पोत्यात जेवढं पडून राहावं लागलं त्याचं सगळं उट्टं तो काढत होता. कैलाशने त्याचं नाव रॉकेट ठेवलं, त्याच नावाने त्याचे फोटो काढले, व्हिडिओ काढले. पण कैलाश आठवड्यातून एकदा यायचा. दिवसभर त्या पोराच्या कानावर एकच शब्द पडायचा. प्रेमिला चहा गाळताना, शिलाई करताना, फोनवर बोलताना मध्येच ओरडायची, थांब. आणि संध्याकाळी माझ्यात गरम भात ओतून, बोटांनी ढवळून निववत म्हणायची, "थांब रे, थांब. तोंड भाजते ना."

आता तुम्हीच सांगा. ज्या शब्दानंतर रोज भात मिळतो आणि भातानंतर डोक्यावरून हात फिरतो, तो शब्द कुत्र्याने कशाचा समजावा? त्याने तो आपल्या नावाचा समजला. थांब म्हटलं की तो असेल तिथून धावत यायचा, पुढचे दोन पाय समोरच्याच्या अंगावर टेकवायचा आणि तोंडाकडे बघत राहायचा. प्रेमिला म्हणायची, किती अवखळ आहे, अजिबात ऐकत नाही. तो बिचारा प्रत्येक वेळी ऐकत होता. हे मला कळत होतं, कारण तो शब्द माझ्यावर वाकूनच उच्चारला जायचा.

त्याला बघायला लोक आले. व्हिडिओत सगळ्यांना आवडायचा. घरी आले की तो अंगावर उड्या मारायचा, ते थांब थांब म्हणायचे, तो आणखी उड्या मारायचा. कोणाचा शर्ट फाटला, कोणाचं मूल रडलं. एक जण तर म्हणाले की याला जरा वळण लावा, मग कळवा. प्रत्येक वेळी फाटकाचा आवाज झाला की तो त्यांच्या मागे धावत जायचा आणि फाटकाच्या सळ्यांत नाक घालून उभा राहायचा.

त्याच गल्लीत चेतना भाड्याने राहायची. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. माहेर केशोरीचं, म्हणजे गोंदियापासून चांगलंच लांब. घरी वडील बकाराम धानाची शेती करायचे आणि आई शामकला लकवा मारल्यापासून बाजेवर पडून होती. चेतना आठवड्याला एक चक्करही मारू शकत नव्हती, हे तिला फार लागायचं. आईला आधी कुत्र्यांचं वेड होतं, घराला कधी कुत्र्याविना ठेवलं नव्हतं. एकदा चेतनाने व्हिडिओ कॉलवर या बदामी पोराला दाखवलं. आई हसली. लकव्यानंतर ती हसलेली चेतनाने पहिल्यांदा बघितली. तिने तिथेच ठरवलं.

गावातला गोपीचंद आपली पिकअप घेऊन धान मिलला टाकायला गोंदियाला यायचा. त्याच्याच गाडीतून बकाराम आले. उंच, वाकलेले, कमी बोलणारे. प्रेमिलाने त्यांना चहा दिला आणि पुष्कळ विचारलं. बांधून ठेवणार का, उपाशी तर नाही ठेवणार, आजारी पडला तर कोण बघेल. ते प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होते. कुत्रं त्यांच्या धोतराशी झटापट करत होतं. शेवटी प्रेमिलाने मला धुऊन पुसून त्यांच्या हातात दिलं.

"काका, गंज बी घेऊन जा. याच्याबिगर तो कशाले तोंड लावत नाही."

"तुमचा लग्नातला गंज म्हन्ता ना, बाई," बकाराम म्हणाले. "मी कायले नेऊ?"

"भांड्याले घर बदललं तर काही होत नाही. त्याले होते."

होतं, मित्रांनो. भांड्यालाही होतं. पण ते राहू द्या. प्रेमिलाने त्याला काय आवडतं ते सांगितलं, काय पचत नाही ते सांगितलं, नाव रॉकेट आहे हेही सांगितलं. तो कोणत्या शब्दाला येतो हे मात्र तिने सांगितलं नाही. तिला कुठे माहीत होतं! गाडी निघाली तेव्हा ती दारात हसत उभी होती. त्या दिवशी आत जाऊन तिने काय घासलं असेल, हा विचार मला सडक अर्जुनीपर्यंत सोडत नव्हता.

कोहमाऱ्याच्या चौकात गाडी चहाला थांबली आणि दार उघडताच कुत्रं निसटलं. तो चौक म्हणजे ट्रकांचा बाजार. बकाराम रॉकेट, रॉकेट करत धावले. तो मागेसुद्धा बघेना. एका ट्रकच्या चाकांमधून तो पलीकडे जाणार एवढ्यात बकारामांच्या तोंडून निघालं, थांब. तो गर्रकन वळला आणि बाणासारखा येऊन त्यांच्या अंगावर चढला. ढाब्यावरचे लोक म्हणाले, वा, काका, काय शिकवलेला कुत्रा आहे. बकारामांनाही वाटलं की पोरगं शहाणं आहे, थांब म्हटलं की थांबतं. मी सीटखाली पडल्या पडल्या म्हणत होतो, अहो नाही, तो थांबला नाही, तो आला. पण ऐकतो कोण!

केशोरीला पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. घरात शिरताच सपरी, म्हणजे पुढचा सोपा, तिथे बाजेवर शामकला पडून. उजवा हात, उजवा पाय निकामी. आणि तिच्याजवळचे सगळे शब्द गेलेले. एकच उरला होता. पाणी हवं असलं तरी तोच शब्द, उशी सरकली तरी तोच, चेतनाचा फोन आला तरी तोच. तो शब्द होता थांब.

तोच का उरला, हे गोपीचंद कोणाला तरी सांगत असताना मी ऐकलं. ती पडली त्या दिवशी बकाराम बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, निघाले होते, रोवणी सुरू होती, मजूर येऊन बसले होते. उंबरठा ओलांडताना आतून तिने हाक मारली, थांब. त्यांना वाटलं काहीतरी विसरलं असेल, डबा किंवा पानाची चंची. येतो, येतो, असं मागे न बघता म्हणून ते निघून गेले. परत आले तेव्हा ती चुलीपाशी पडली होती आणि चूल केव्हाच विझली होती. डॉक्टर म्हणाले, असं होतं, सगळी भाषा जाते आणि एखादा शब्द अडकून राहतो. बकारामांना ते पटत नव्हतं. तिने तो शब्द आपल्यासाठीच राखून ठेवलाय असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. ती पाण्यासाठी थांब म्हणायची आणि ते अपराध्यासारखे उठायचे.

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. कुत्र्याने बाज बघितली आणि एका उडीत वर. औषधाचा पेला खाली, पाण्याचा तांब्या खाली, शामकला दचकून नुसती बघत राहिली. बकाराम घाबरले. त्यांनी त्याला उचललं आणि घरामागच्या गोठ्यात बांधून टाकलं. मी पण तिथेच, बैलांच्या शेजारी.

पुढचे दिवस वाईट गेले. सोडलं की तो कोंबड्यांमागे धावायचा. बकाराम थांब म्हणायचे, तो कोंबड्या सोडून बकारामांवर आदळायचा. एकदा डोक्यावर धानाचा भारा असताना तो पायात आला आणि ते पडता पडता वाचले. गोपीचंद म्हणाला, "बकाराम भाऊ, हा कुत्रा उलटा हाय. थांब म्हटलं का धावते." चेतना फोनवर रोज विनवायची, बाबा, थोडे दिवस बघा, त्याला सवय होईल. बकारामांना काळजी बाजेवरच्या जिवाची होती. हा तिच्या अंगावर पडला, हाड मोडलं तर काय करायचं? कुत्रं वाईट नाही, पण या घराला झेपायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. गोपीचंदची गाडी पुन्हा गोंदियाला निघेल तेव्हा याला परत पोचवायचं.

परत. तो शब्द त्याला कळत नव्हता, मला कळत होता. आणि एकदा परत आलेल्या कुत्र्याला दुसऱ्यांदा कोणी नेत नाही, हे मी प्रेमिलाच्या घरी बघितलं होतं.

तो दिवस आला. दारात गाडीचा हॉर्न वाजला. बकारामांनी एका हातात दोरी धरली, दुसऱ्या हातात मला घेतलं आणि गोठ्यातून घरात, घरातून सपरीत आले. कुत्रं नाचत होतं, त्याला वाटत होतं फिरायला जायचंय. बाजेवरून शामकलाने बघितलं. आधी कुत्र्याकडे, मग गंजाकडे, मग नवऱ्याकडे. बकारामांचा एक पाय उंबरठ्याबाहेर पडला होता.

"थांब," ती म्हणाली.

आवाज अगदी बारीक होता. गोठ्यापर्यंत तो कधी पोचलाच नव्हता. पण बकाराम थांबले. उंबरठ्यावर, एक पाय आत, एक पाय बाहेर, असे ते थांबले आणि या वेळी त्यांनी मागे वळून बघितलं. तेवढ्यात दोरी त्यांच्या हातातून निसटली. बकाराम ओरडणार होते, पण ओरडायची गरज पडली नाही. तो बाजेवर चढला नाही. बाजेच्या काठावर त्याने पुढचे दोन पाय टेकवले आणि तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, जसा माझ्यावर वाकलेल्या प्रेमिलाकडे बघायचा तसाच. सगळं अंग थरथरत होतं, पण पाय जागचे हलत नव्हते. इतके दिवस सगळे त्याला रागाने हाक मारत होते. आज कोणीतरी हळू आवाजात मारली होती.

शामकलाचा डावा हात हळूहळू सरकत आला आणि त्याच्या उभ्या कानावर टेकला. ती पुन्हा म्हणाली, थांब. त्याने शेपटी हलवली. ती पुन्हा म्हणाली. मग ती म्हणतच राहिली. लकव्यानंतर तिने इतक्या वेळा तो शब्द उच्चारला असेल, पण त्या शब्दाने जे मागितलं ते लगेच समोर येऊन उभं राहिलं, असं पहिल्यांदाच झालं होतं. तिच्या तोंडाची डावी बाजू हसत होती. बकाराम मला हातात धरून उंबरठ्यावरच खाली बसले आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यात पडलं. मी आजवर पुष्कळ पाणी साठवलं आहे, पण ते मला वेगळं ओळखू येतं.

बाहेर गोपीचंदने पुन्हा हॉर्न वाजवला. बकाराम म्हणाले, "तू जाय बा. हा नाही येत."

नावाचा उलगडा त्यांना थोड्या दिवसांनी झाला. गल्लीतून कोणीतरी बैलांना थांब म्हणालं आणि हा घरातून सुसाट बाहेर पळाला. मग चार माणसांनी चार वेळा म्हणून बघितलं. चारही वेळा तो त्या त्या माणसाकडे गेला. गोपीचंद हसून लोटपोट झाला, म्हणाला याचं तर नावच ते हाय. तेव्हापासून सगळं गाव त्याला थांब म्हणू लागलं. रॉकेट हे नाव कैलाशच्या फोनमध्येच राहिलं. मी हे पहिल्या दिवसापासून सांगत होतो, पण आमचं काय, आम्ही भांडी.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला काळ तो. माझी जागा गोठ्यातून सपरीत आली, बाजेच्या पायाशी. शामकला दिवसभर त्याच्याशी बोलायची. शब्द एकच, पण ती तो लांबवायची, तोडायची, वर न्यायची, खाली आणायची. कधी रागावल्यासारखं, कधी गावातली कुचाळकी केल्यासारखं. तो पुढ्यात बसून एक कान उभा करून सगळं ऐकायचा. जगात तिची गोष्ट पूर्ण ऐकून घेणारा तो एकटाच होता, कारण प्रत्येक शब्द त्याच्या नावाचा होता. सारखा धावणारा जीव तिच्याजवळ तासन् तास बसायला लागला. बकाराम बांधीवर निघताना आता उंबरठ्यावर घटकाभर उभे राहायचे. आतून थांब अशी हाक यायची, कुत्रं धावायचं, आणि मग ते निघायचे. तो शब्द त्यांना टोचायचा बंद झाला, असं त्यांनी एकदा चेतनाला फोनवर सांगितलं.

असा एक हिवाळा गेला, एक पावसाळा गेला. पुढच्या वर्षी धान कापणीला आलं असताना शामकलाला दुसरा झटका आला. या वेळी बकाराम घरातच होते, तिच्याजवळच होते. पण जवळ असून काही होत नाही, अशाही वेळा असतात. रुग्णवाहिका आली. तिला आत घेतलं. दार लावताना आतून तिचा आवाज आला, तोच शब्द, अर्धा. गाडी सुटली आणि थांब गाडीमागे सुटला.

ती कोणाला थांब म्हणाली, हे मला सांगता येत नाही. गाडीला म्हणाली की नवऱ्याला, की कुत्र्याला. त्याला मात्र शंका नव्हती. त्याला हाक आली होती. शिवेच्या बाहेर बऱ्याच लांबवर तो रस्त्याच्या कडेला पडलेला गोपीचंदला सापडला, तळपाय सोललेले, जीभ बाहेर. गोपीचंदने त्याला उचलून आणलं.

शामकला दवाखान्यातून जिवंत परत आली नाही. तिला घरी आणलं तेव्हा सपरीत माणसांची ही गर्दी. पायात येईल, कोणाला चावेल, म्हणून कोणीतरी कुत्र्याला गोठ्यात नेऊन बांधलं आणि भात घालून मलाही त्याच्यापुढे ठेवलं. वाईट हेतूने नाही केलं. पण त्यामुळे त्याने तिला येताना बघितलं नाही आणि जाताना बघितलं नाही. पुढून रडण्याचे आवाज येत होते. तो दोरीला ओढत उभा होता. माझ्यातल्या भाताला त्याने तोंड लावलं नाही, तो सकाळी बैलांपुढे टाकला.

मग सुरू झालं ते मला सांगवत नाही, पण सांगतो. बाज उभी करून भिंतीला लावली होती. घरात भेटायला येणारे खूप. कोणी बाई सहज म्हणायची, थांब, चप्पल घालते. कोणी लेकराला म्हणायचं, थांब, पडशील. थांब धावत यायचा. पण बोलणाऱ्याकडे जायचा नाही. बाज जिथे असायची त्या रिकाम्या जागेवर जाऊन उभा राहायचा. पुढचे पाय उचलायचा, टेकवायला काही नसायचं, पुन्हा खाली ठेवायचा. बघणारी माणसं पदर तोंडाला लावायची. बकाराम उठून मागे निघून जायचे.

शेवटी त्यांनी सगळ्यांना हात जोडून सांगितलं की या घरात तो शब्द नका काढू. लोकांनी ऐकलं. रुक म्हणा, जरासं म्हणा, काहीही म्हणा. आल्यागेल्यांची पोरं तर तोंडावर हात ठेवून अंगणात यायची. घर गप्प झालं. पण मित्रांनो, कोणी हा विचार केला नाही की तो शब्द गेला म्हणजे त्याचं नावही गेलं. त्याला हाक मारणारंच कोणी उरलं नाही. तो धावायचा थांबला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. माझ्यात भात पडायचा, थंड व्हायचा, आंबायचा. बरगड्या दिसायला लागल्या. चेतना तेरवीनंतर गोंदियाला परत जाताना म्हणाली, बाबा, मी प्रेमिलाबाईंशी बोलले आहे, त्या घेतील त्याला, इथे तो जगायचा नाही. बकाराम हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी गोपीचंदची गाडी जायची होती.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः भात टाकला, माझ्यात ओतला आणि मला घेऊन भिंतीपाशी खाली बसले. भातातून वाफ येत होती. ते बोटांनी ढवळून निववू लागले, अगदी प्रेमिलासारखं. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, गरम भात सगळे तसाच निववतात. कुत्र्याने मान वर केली नाही. मग बकाराम त्याच्याशी बोलायला लागले.

"ती मले थांब म्हनली होती बा," ते म्हणाले. "मी नाही थांबलो. सारा जलम तिचं ऐकलं, तेवढं एक नाही ऐकलं." त्यांनी मला त्याच्या तोंडाजवळ सरकवलं. "आता तू तरी थांब."

त्यांना नाव घ्यायचं नव्हतं. त्यांना विनवायचं होतं. पण त्याचा कान उभा राहिला. तो उठला, पाय लटपटत होते, तरी धावला. आधी बाजेच्या जागेवर गेला. वास घेतला, वर बघितलं, उभ्या बाजेच्या दोऱ्यांना नाक लावलं. मग तो वळला. हळूहळू परत आला आणि पुढचे दोन पाय त्यांच्या गुडघ्यावर टेकवून त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. म्हाताऱ्याने त्याला पोटाशी धरलं. भात त्याने थोडाच खाल्ला, पण खाल्ला.

सकाळी गोपीचंदचा हॉर्न वाजला तेव्हा बकाराम नुसती मान हलवून नाही म्हणाले.

मित्रांनो, माझ्यासारख्या भांड्याला उपदेश शोभत नाही. पण दोन गोष्टी मागतो. दुसऱ्याच्या घरून एखादा मुका जीव आणाल तेव्हा त्याचं नाव काय एवढंच विचारू नका. तो कशाला येतो, कोणत्या आवाजाला उठतो, हेही बघा. ते बघायला थोडे दिवस द्या, परत पाठवायची घाई करू नका. आणि तुमचा पाय उंबरठ्याबाहेर पडला असताना आतून कोणी थांब म्हणालं, तर येतो येतो म्हणू नका. काम कितीही असो, मागे वळून बघा.

थांब अजून इथेच आहे, मीही आहे. रोज संध्याकाळी बकाराम माझ्यात भात ओततात आणि मोठ्याने त्याला हाक मारतात. तो धावत येतो, आधी त्या भिंतीकडे जातो, थोडा वेळ तिथे उभा राहतो आणि मग माझ्याकडे येतो. तेवढ्यात भात निवतो.